एसवायला घसरलात? टीवायची सुरुवात जुन्या उत्तरपत्रिकेपासून करा

टीवायचे वर्ग सुरू होऊन आठवडा झाला की स्टाफरूमच्या दाराशी दोन-तीन मुलं घुटमळताना दिसतात. हातात एसवायचं गुणपत्रक असतं, घड्या घालून घालून चुरगळलेलं. प्रश्न दर वर्षी तोच: "मॅडम, आता काही होईल का?"

मी बीएस्सीला रसायनशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं विद्यापीठाचे पेपर तपासते. माझं उत्तर असतं, होईल. पण किती होईल ते आधी मोजू आणि गुण कुठे गेले ते शोधू. "यंदा जोर लावतो" एवढंच ठरवणाऱ्या मुलांचे गुण फारसे हलत नाहीत, कारण सगळा जोर जुन्याच सवयींवर लागतो. ज्यांचे गुण खरंच वाढले, त्यांतल्या बहुतेकांनी एक काम केलं होतं. आपली पडलेली उत्तरपत्रिका समोर घेऊन त्यांनी ती ओळ न् ओळ वाचली होती. हा लेख त्या कामाभोवतीच आहे. उदाहरणं माझ्या विषयाची आहेत, पण बीए, बीकॉमच्या मुलांनाही पद्धत तीच लागू पडते.

आधी कागदावर हिशेब

समजा एफवायच्या दोन सत्रांत एसजीपीए, म्हणजे त्या-त्या सत्राची ग्रेड पॉइंटची सरासरी, ७.४ आणि ७.२ होता आणि एसवायला तो ५.६ आणि ५.४ वर आला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बहुतेक ठिकाणी प्रत्येक सत्राला २२ क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांचे १३२. सगळ्या सत्रांचं वजन सारखं असल्यामुळे साधी सरासरी चालते. चार सत्रांची बेरीज २५.६, म्हणजे आजचा सीजीपीए, सगळ्या सत्रांची मिळून सरासरी, ६.४.

आता टीवायच्या दोन्ही सत्रांत ७.५ मिळवले तर शेवटचा आकडा ६.७७ होतो. ८ मिळवले तर ६.९३. सातचा उंबरा ओलांडायचा असेल तर दोन्ही सत्रांत ८.२ लागतात. आणि दोन्हीकडे पैकीच्या पैकी दहा मिळाले तरी ७.६ च्या वर जाता येत नाही. हे आकडे पाहून काही मुलांचा चेहरा पडतो, पण मला ते दाखवणं गरजेचं वाटतं. पल्ला माहीत असला की डिसेंबरमध्ये उगाच हातपाय गळत नाहीत.

हा आकडा कशासाठी हवा आहे, तेही त्याच कागदावर लिहा. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्यांची अट ६० टक्क्यांची असते. चार वर्षांच्या पदवीत 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं असेल तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. ७५ टक्के म्हणजे ७.५ असं धरलं, तर वरच्या उदाहरणातल्या मुलाला त्यासाठी दोन्ही सत्रांत ९.७ हवेत. ते जवळजवळ अशक्य आहे, हे मी स्पष्ट सांगते. त्याच्यासाठी साधं ऑनर्स किंवा तीन वर्षांनंतर एमएस्सी हे रस्ते मोकळे असतात. न मिळणाऱ्या गोष्टीमागे वर्ष घालवण्यापेक्षा सातचा उंबरा गाठणं त्याच्या जास्त कामाचं.

मग विषयागणिक पाहा. चार क्रेडिटच्या विषयात दोन ग्रेड पॉइंट वाढले तर त्या सत्राचा एसजीपीए ८ भागिले २२, म्हणजे ०.३६ नं वाढतो. दोन क्रेडिटच्या विषयात तेवढीच मेहनत ०.१८ देते. शिवाय ग्रेड टप्प्याटप्प्यानं बदलते. तुमच्या तक्त्यात ६० ला टप्पा बदलत असेल तर ५९ आणि ६० मध्ये पूर्ण एका पॉइंटचं अंतर पडतं, ६१ आणि ६८ मध्ये कदाचित काहीच नाही. टप्प्याच्या एक-दोन गुण खाली अडकलेले विषय लाल पेनानं गोल करून ठेवा.

ग्रेडचा तक्ता, टक्केवारीत रूपांतर करायचं सूत्र, श्रेणीसुधार परीक्षेची सोय हे सगळं विद्यापीठागणिक आणि तुमच्या प्रवेशाच्या वर्षागणिक बदलतं. सीनियरनं सांगितलेला नियम त्याच्या पॅटर्नचा असतो. परीक्षा विभागात जाऊन तुमच्या पॅटर्नचं परिपत्रक बघा.

उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा

निकालानंतर छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांच्या अर्जासाठी थोड्याच दिवसांची मुदत मिळते. मुलं थेट पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरतात, गुण वाढले नाहीत की नशिबाला दोष देऊन मोकळी होतात. क्रम उलटा ठेवा. आधी छायाप्रत घ्या, ती विषयाच्या शिक्षकांना दाखवा, आणि बेरीज चुकली असेल किंवा एखादं उत्तर तपासायचं राहिलं असेल तरच पुढचा अर्ज करा.

मुदत उलटून गेली असेल तर माहितीच्या अधिकारातून विचारता येतं. तपासलेली उत्तरपत्रिका ही या कायद्याखाली 'माहिती' आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात म्हटलं आहे. मात्र विद्यापीठ उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपून ठेवतं, तेव्हा उशीर नको. आणि तीही वाट बंद असेल तर घरी बसून एसवायचाच पेपर घड्याळ लावून पुन्हा सोडवा आणि शिक्षकांकडून तपासून घ्या. चुका त्याच निघतात, कारण लिहिणारा हात तोच असतो.

एका मुलीची गोष्ट सांगते. ऑरगॅनिकच्या पेपरात तिला फार कमी गुण होते आणि पेपर चांगला गेला होता यावर ती ठाम होती. छायाप्रत आली. पाच गुणांचा प्रश्न होता: टर्ट-ब्युटिल ब्रोमाइडचं हायड्रोलिसिस एसएन१ मार्गानं का होतं, मेकॅनिझमसह स्पष्ट करा. (एसएन१ मध्ये अभिक्रिया टप्प्याटप्प्यानं होते, एसएन२ मध्ये एकाच पायरीत.) तिनं दीड पान लिहिलं होतं. न्यूक्लिओफाइलची व्याख्या, मग एसएन१ आणि एसएन२ मधल्या फरकाचा आठ ओळींचा तक्ता, खाली रेषा मारून. गुण दीड.

"मॅडम, मी तर पानभर लिहिलंय."

"अगं, प्रश्न मोठ्यानं वाच बघू."

तिनं वाचला. 'का' या शब्दावर थांबली. पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "का होतं ते मी लिहिलंच नाही."

परीक्षकाकडे त्या उत्तराची साधारण अशी वाटणी असते: पहिल्या मंद पायरीत ब्रोमाइड बाहेर पडतानाचा बाण, एक गुण. मधला सपाट कार्बोकॅटायन, एक. पाण्याचा हल्ला आणि प्रोटॉन निघून जाणं, एक. वेग फक्त टर्ट-ब्युटिल ब्रोमाइडच्या संहतीवर अवलंबून आहे हे सांगणारं समीकरण, एक. आणि कारण, म्हणजे तृतीयक कार्बोकॅटायन स्थिर असतो आणि तीन मिथाइल गटांच्या गर्दीमुळे मागून हल्ला करायला वाट उरत नाही, याला एक. तिच्या दीड पानात बाण एकही नव्हता. वेगाचं समीकरण तक्त्यात कोपऱ्यात सापडलं म्हणून परीक्षकानं दीड तरी दिले. तिला विषय येत होता. तोंडी विचारलं तर तिनं कारण चटकन सांगितलं.

तुमची प्रतही अशीच वाचा. वहीत प्रत्येक प्रश्नापुढे लिहा, गुण का गेले. माझ्या पाहण्यात कारणं चारच निघतात. आलंच नाही. येत होतं पण विचारलं ते लिहिलं नाही. वेळ पुरला नाही. आकृती, एकक, पायरी असं काहीतरी गळलं. कुठल्या कारणानं किती गुण गेले याची बेरीज करा. "माझा अभ्यासच कमी पडला" म्हणणाऱ्या मुलांना ही बेरीज पाहून धक्का बसतो. दुसऱ्या आणि चौथ्या कारणाचे गुण पुस्तक पाठ करून परत येत नाहीत, ते लिहिण्याच्या सरावानं येतात.

बॅक असेल तर ती पहिली

एसवायचा विषय राहिला असेल तर टीवायचं कुठलंही पुस्तक उघडण्याआधी त्याकडे बघा. भावनेचा भाग सोडा, हिशेबच बघा. चार क्रेडिटच्या विषयात नापास म्हणजे शून्य पॉइंट. तो विषय पाच पॉइंटांवर जरी सुटला तरी त्या सत्राचा एसजीपीए २० भागिले २२, म्हणजे ०.९१ नं वाढतो. टीवायच्या एखाद्या विषयात एवढी उडी मारणं फार कठीण. आणि एटीकेटी, म्हणजे हा मागे राहिलेला विषय, सुटल्याशिवाय पदवी हातात पडत नाही, एमएस्सीचा प्रवेशही लटकतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नियमित आणि बॅकचे पेपर एकमेकांत अडकतात, कधी दोन दिवसांत तीन येतात. म्हणून बॅकचा विषय जुलै-ऑगस्टमध्येच, रोज एक तास देऊन, संपवून टाका. नंतर फक्त जुने पेपर सोडवत राहायचं. परीक्षा फॉर्म भरताना त्या विषयावर खूण झाली आहे की नाही ते स्वतः दोनदा तपासा. फॉर्ममध्ये विषय राहिला म्हणून वर्ष गेलेली मुलं मी पाहिली आहेत.

घरचे गुण: इंटर्नल आणि प्रॅक्टिकल

कुठे ३०-७०, कुठे ४०-६० अशी वाटणी असते. पहिला आकडा कॉलेजच्या हातातला. बऱ्याच विद्यापीठांत या दोन्ही भागांत वेगवेगळं पास व्हावं लागतं. एसवायला घसरलेल्या मुलांची गुणपत्रकं पाहिली की हा भाग हमखास कच्चा दिसतो: चाचणीला गैरहजर, असाइनमेंट शेवटच्या रात्री मित्राच्या वहीतून उतरवलेली, हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आणि डिफॉल्टरच्या यादीत नाव. इथले गुण मिळवणं सगळ्यात सोपं. चाचणीचा अभ्यासक्रम छोटा असतो, पेपर काढणारा शिक्षक रोज समोर असतो. असाइनमेंट दोन दिवस आधी नेऊन दाखवा आणि विचारा, "यात काय कमी आहे?" मुलं हे विचारत नाहीत. विचारलं तर आम्हाला मनापासून आनंद होतो.

प्रॅक्टिकलचं थोडं सविस्तर सांगते, कारण तिथे गुण उघड्यावर पडलेले असतात. टायट्रेशन घ्या. तीन रीडिंग घेतली, जुळणारं सीबीआर (ब्युरेटचं स्थिर रीडिंग) लिहिलं, इथपर्यंत सगळे येतात. पुढे ब्युरेटमध्ये काय, फ्लास्कमध्ये काय, सूचक कुठला, अंतिम बिंदूचा रंग कुठून कुठे बदलला, या चार ओळी निम्मी मुलं लिहीत नाहीत. गणितात एकक नसतं. आणि रीडिंग चुकलं तर काही जण शेजाऱ्याचं उतरवतात, मग रीडिंग आणि नॉर्मॅलिटी जुळत नाही, ते बाहेरून आलेल्या परीक्षकाला लगेच दिसतं. चुकलेलं खरं रीडिंग आणि बरोबर गणित यांना गुण मिळतात.

जर्नल आठवड्याच्या आठवड्याला सर्टिफाय करून घ्या. तोंडीसाठी प्रत्येक प्रयोगावर तीन प्रश्न तयार ठेवा: हा प्रयोग कशावर आधारलेला, हेच रसायन का, आणि चूक कुठे होऊ शकते. सहाव्या सत्रात ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) किंवा प्रोजेक्ट असेल तर त्याचे चार क्रेडिट म्हणजे एका पूर्ण विषयाएवढे. जागा डिसेंबरमध्येच शोधायला लागा आणि रोजची नोंद त्याच दिवशी लिहा. मार्चमध्ये आठवून लिहिलेली डायरी वाचताना कळते.

पुस्तक मिटून अभ्यास

वाचलेलं पुन्हा पुन्हा वाचणं, पिवळ्या पेनानं रंगवणं, यातून 'येतंय' असं वाटतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा दोनदा वाचला, दुसऱ्यानं एकदा वाचून आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर चित्र उलटलं: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

करायचं असं. एक मुद्दा वाचा, पुस्तक मिटा, पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते दुसऱ्या रंगानं भरा. तोच मुद्दा तीन दिवसांनी आणि पुन्हा दहा दिवसांनी, पुस्तक न उघडता. पहिले काही दिवस फार जड जातं, दोन तासांत चार पानंच होतात. तेवढी पुरतात.

मागच्या पाच वर्षांचे पेपर मिळवा, ग्रंथालयात असतात. पॅटर्न बदलला असेल तरी प्रश्न बहुतेक तेच फिरतात. युनिटवार वहीत मांडले की कुठल्या युनिटवर लांब प्रश्न येतो आणि कुठल्यावर टीपा, हे दिसतं. पण एवढ्यावरून काही युनिटं ऑप्शनला टाकू नका. नव्या पेपरांत अंतर्गत पर्याय त्याच युनिटमधला असतो, ऑप्शनला टाकलेलं युनिट अख्खं बुडतं.

दर रविवारी एक प्रश्न वेळ लावून हातानं लिहा. ६० गुणांना १२० मिनिटं असतील तर गुणाला दोन मिनिटं, पाच गुणांच्या उत्तराला दहा. दहाव्या मिनिटाला पेन खाली ठेवायचं. महिनाभरात हाताला माप कळतं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथे आणखी एक अडथळा असतो. विषय कळतो, इंग्रजीत वाक्य होत नाही, म्हणून मग पाठांतर आणि एक शब्द विसरला की सगळं उत्तर कोसळतं. आधी मराठीत, स्वतःच्या शब्दांत, कुणाला तरी समजावून सांगा. मग त्याची सहा-सात छोटी इंग्रजी वाक्यं करा, एका वाक्यात एकच गोष्ट. पारिभाषिक शब्द अचूक पाठ करा, त्यांचं स्पेलिंग लिहून घोटा. बाकीचं वाक्य साधं असलं तरी गुण जात नाहीत. बाण, आकृती, समीकरण यांना तर भाषाच लागत नाही.

वर्षाचा अंदाज

पाचवं सत्र दिसतं त्यापेक्षा लहान असतं. जुलैत सुरुवात, मग गणपती. कोकणातली मुलं आठ-दहा दिवस गावी जातात, आणि जावंच. पण जाण्याआधी दोन युनिटं संपलेली हवीत. नवरात्रापर्यंत अभ्यासक्रम संपवायचा, दिवाळीच्या आसपास परीक्षा. सहाव्या सत्रात डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंग आणि एनएसएसचं शिबिर, फेब्रुवारीत आयआयटी जॅम, मार्चच्या सुमारास सीयूईटी-पीजी. एमएस्सीच्या प्रवेश परीक्षा द्यायच्या असतील तर त्यांचा अभ्यास पाचव्या सत्राबरोबरच सुरू करा. सहाव्यात जागा उरत नाही.

कारण अभ्यासाबाहेरचं असेल तर

काही गुणपत्रकांमागे घरातलं आजारपण असतं, काहींमागे रात्रपाळी. एक मुलगा सकाळी सहापर्यंत गोदामात काम करून आठच्या लेक्चरला यायचा आणि शेवटच्या बाकावर झोपायचा. त्याला अभ्यासाची पद्धत सांगून काही उपयोग नव्हता. कॉलेजच्या 'कमवा आणि शिका' योजनेत त्याला ग्रंथालयात काम मिळालं. पैसे कमी मिळायचे, पण झोप मिळाली आणि संध्याकाळ मोकळी झाली. अशी अडचण असेल तर वर्गशिक्षकांना जुलैतच सांगा. शिष्यवृत्तीचा अर्ज, फीचे हप्ते, प्रॅक्टिकलची बॅच बदलणं, या गोष्टी वेळेवर विचारल्या तर बऱ्याचदा जमतात, परीक्षेच्या तोंडावर कुणाच्याच हातात काही नसतं.

झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सीजीपीए बाजूला ठेवा आणि आजच कुणाशी तरी बोला. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

पेपरच्या दिवशी

प्रश्नपत्रिका हातात आली की पहिली पाच मिनिटं लिहायचं नाही. प्रत्येक प्रश्नातलं क्रियापद अधोरेखित करा: व्याख्या द्या, सिद्ध करा, तुलना करा, कारण सांगा. सगळ्यात पक्कं येतं तिथून सुरुवात करा, पण प्रश्नक्रमांक ठळक घाला आणि नव्या प्रश्नाला नवं पान. मुंबई विद्यापीठात २०१७ पासून उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासल्या जातात, आणि फिकट शाई किंवा हलकी पेन्सिल पडद्यावर नीट उमटत नाही. गडद पेन घ्या, आकृतीच्या रेषा दाबून काढा. एकही प्रश्न कोरा सोडू नका. गणित अडलं तर सूत्र, दिलेल्या किमती आणि एककं लिहून पुढे चला, पायऱ्यांचे गुण मिळतात.

पाचव्या सत्राच्या निकालानंतर

पुन्हा एक छायाप्रत मागवा, आणि या वेळी ज्या विषयात गुण वाढले त्याची. काय जमलं ते परीक्षकाच्या खुणांत दिसतं, आणि सहाव्या सत्रात तेच बाकीच्या विषयांत करता येतं. मघाशी सांगितलेल्या मुलीनं तसं केलं. तिच्या नव्या प्रतीत प्रत्येक उत्तराच्या वर, समासाजवळ, प्रश्नातला विचारणारा शब्द लिहून त्याभोवती गोल केलेला होता: 'का', 'कसं', 'फरक'.

शेवटी मुलाखतीचं. एमएस्सीच्या प्रवेशाला किंवा नोकरीला बसलात की समोरचा एसवायच्या आकड्यावर बोट ठेवणारच. सबबी सांगू नका, रडगाणंही नको. तीन वाक्यं पुरतात, आणि ती आधीच लिहून ठेवा: "एसवायला माझे गुण कमी आहेत. उत्तरपत्रिका मागवून पाहिली तेव्हा कळलं की प्रश्न नीट न वाचल्यानं आणि वेळ न पुरल्यानं ते गेले होते. तेवढ्यावर काम केलं, आणि पाचव्या-सहाव्या सत्राचे आकडे तुमच्यासमोर आहेत." एवढं बोलून थांबा आणि त्यांच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघा.